ट्रम्पेटच्या पोटातलं दूध

हे मी फुंकून वाजवणाऱ्यांसाठी लिहितोय. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम, जे काही तुम्ही तोंडाला लावत असाल त्यासाठी. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, पण आधीच सांगतो, यात शिव्या आहेत आणि मारामाऱ्या आहेत. आजारी माणसाभोवती घर हळवं होतं म्हणतात. आमच्या घरात माझ्या आजारपणात हाणामारीच जास्त झाली, आणि त्यातली बरीचशी मी केली. आजाराचं डॉक्टरी नाव मला अजून धड उच्चारता येत नाही, म्हणून ते लिहिण्याच्या फंदात पडत नाही.

मी विलास, राहणार मंचरजवळचं कळंब. आमचा बँड तीन पिढ्यांचा. आजोबा तरुणपणी खडकीच्या छावणीत घोड्यांच्या पागेत कामाला होते. तिथं रोज सकाळी लष्करी बँडचा सराव चालायचा. आजोबा लीद काढता काढता तो ऐकायचे. पुढं त्यांनी तिथल्या मोडीतला एक ट्रम्पेट मिळवला, गावी आणला आणि कुणी शिकवणारं नसताना तो वाजवायला शिकले. चार जण जमवून बँड काढला. चव्वेचाळिसाव्या वर्षी खोकत खोकत गेले. सगळे म्हणाले, क्षय.

त्यांच्यानंतर ट्रम्पेट आण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे आला. पंधरा वर्षांपूर्वी आण्णांनी तो माझ्या हातात दिला आणि स्वतः दुसरा, साधा ट्रम्पेट घेऊन माझ्या मागे उभे राहायला लागले. त्या दिवशी मला आमदार झाल्यासारखं वाटलं होतं.

गुद्दा

आण्णांची शिकवण्याची पद्धत सांगितली तर आजकालच्या शाळांमध्ये त्यांच्यावर गुन्हा दाखल होईल. मी बारा वर्षांचा असताना ते मला भिंतीला पाठ लावून उभं करायचे. एकच सूर धरायचा, लांब. सूर चालू असतानाच पोटात गुद्दा यायचा. सूर हलला की दुसरा. "वरातीत गर्दी काय तुला इचारून ढकलनार हाये का?" असं त्यांचं म्हणणं. ओठ फुटायचे, रात्री जेवताना तिखट लागायचं. आई कुरकुरली तर तिलाही शिव्या. मी वर्षभरात असा तयार झालो की पोटावर बैल उभा केला असता तरी सूर हलला नसता. मी आण्णांना मनात शंभर वेळा ठार मारलं असेल, आणि गल्लीत कुणी 'तुझ्या बापासारखा वाजवतोस' म्हणालं की छाती फुगायची. दोन्ही खरं आहे.

आमच्या घरात एक पद्धत होती. इतर बँडवाल्यांत आहे की नाही, मला माहीत नाही. खंडेनवमीला सगळी वाद्यं घोंगडीवर मांडायची, हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. मग आजोबांच्या ट्रम्पेटमध्ये चमचाभर साखर घातलेलं दूध सोडायचं, ट्रम्पेट खालीवर करायचा आणि वाजवणाऱ्यानं एक लांब सूर काढायचा. याला 'तोंड गोड करणं' म्हणायचे. ही रीत आजोबांनी पाडली. लेकराच्या हातून झालेलं बरं म्हणून दूध घालायचं काम आण्णांकडे होतं, नऊ वर्षांचे असल्यापासून. ते त्यांनी पुढं कधी सोडलं नाही.

आणि ट्रम्पेट आतून धुवायचा नाही. बाहेरून चिंच-राखेनं असा घासायचा की त्यात बघून दाढी करता आली पाहिजे. आतून मात्र पाण्याचा थेंब नाही. आत आजोबांचा श्वास आहे, धुतला की आवाज गेला. हे मला कुणी पटवून दिलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. देवाला तुम्ही कुठं विचारता?

आळेफाटा

त्या वर्षी लग्नसराई सुरू झाल्यापासून मला खोकला होता. वाजवून आलो की संध्याकाळी हुडहुडी भरायची, अंग मोडून यायचं, सकाळी पुन्हा ठीक. धूळ, धूर, जागरण, आमच्या धंद्यात खोकायला कारणं कमी नाहीत. मी गूळ-सुंठ खाऊन दिवस काढत होतो.

आळेफाट्याजवळ एक लग्न होतं. भर दुपारी नवरदेवाची मिरवणूक मारुतीच्या देवळाकडे निघालेली. हायवेवर ट्रक थांबलेले, हॉर्न वाजतायत, ऊन मी म्हणतंय. पोरं नाचायला पेटली होती. गाण्याच्या वरच्या पट्टीत मी चढलो आणि मधेच छातीत कुणीतरी दार लावून घेतल्यासारखं झालं. हवाच नाही. सूर तुटला.

नवरदेवाचा चुलता पुढं आला. दुपारीच टाकून आलेला. म्हणाला, "ए बँडवाल्या, झोपला का रं? वाजीव की!" मी हात वर करून थांबा म्हटलं. त्यानं ट्रम्पेटच्या भोंग्यावर तळहातानं दणका घातला. माउथपीस माझ्या दातांवर आपटला, वरचा ओठ आतून फाटला. तोंडात गरम रक्त आलं. मग मी कुणाचं ऐकणार? एक ठेवून दिली त्याच्या कानाखाली. तो टोपीसकट गाडीच्या बॉनेटवर गेला.

पुढचं सांगण्यासारखं नाही. चार-पाच जण अंगावर आले, माझ्या लाल कोटाच्या बाह्या खांद्यातून निघाल्या, कुणाची तरी चप्पल तोंडावर बसली. आमचा ड्रमवाला काठ्या घेऊन घुसला. पण खरी गोष्ट ही की मी मारानं पडलो नाही. दुसरा हात उचलायच्या आधीच मी रस्त्यावर बसलो होतो. श्वास आत जात नव्हता. माशासारखं तोंड उघडं आणि लाथा बरगड्यांत. आण्णांनी मला गर्दीतून ओढून काढलं, रसवंतीच्या सावलीत टेकवलं. मला वाटलं रक्ताचं विचारतील.

"सूर तुटला तुझा," ते म्हणाले. "साठ वर्सात आपल्या बँडचा सूर मधी तुटला न्हाई."

मी त्यांच्या अंगावर रक्ताची गुळणी थुंकलो. मुद्दाम.

मोटारीची खोली

मंचरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. फोटोत फुफ्फुसं धुरकट दिसत होती. थुंकी तपासली, तिच्यात काही सापडलं नाही. पुन्हा तपासली, पुन्हा नाही. पण ताप, खोकला, वजन उतरलेलं, घरात पूर्वी क्षयाचा मृत्यू, सगळं त्याच वाटेनं जात होतं. त्यांनी क्षयाची औषधं सुरू केली. मी त्यांना दोष देत नाही. मी तरी त्यांना सगळं कुठं सांगितलं होतं? कागदावर 'व्यवसाय' या रकान्यात मी नेहमीप्रमाणे 'शेती' लिहिलं होतं.

हे जरा समजून घ्या. आमच्यात सगळेच शेती लिहितात. थोडी जमीन असतेच. बँडवाला म्हटलं की समोरच्याच्या तोंडात 'अहो'चं 'अरे' व्हायला वेळ लागत नाही. दवाखान्यात तरी माणूस म्हणून बघावं, एवढीच इच्छा. त्या एका शब्दापायी माझे तीन महिने गेले.

क्षय हा शब्द ऐकून आण्णांचा चेहरा पांढरा पडला. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून आलो तर माझी खाट शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत गेलेली, ताट-तांब्या वेगळा काढलेला. आजोबांनाही शेवटी रानात छपरात ठेवलं होतं, आण्णा लहानपणी लांबून भाकरी ठेवून यायचे, हे मला माहीत होतं. पण मी काय मेलो होतो? डोक्यात अशी तिडीक गेली की त्या खोलीचं दार लाथा घालून बिजागरीतून काढलं. मग त्याच दारावर पडून तासभर धापा टाकत राहिलो. दार मोडायला दोन मिनिटं लागली होती.

माझी बायको मंदा भाकरी घेऊन यायची. ती लांब बसायची नाही. आत येऊन खाटेच्या कडेला बसायची, माझ्याच तांब्यातलं पाणी प्यायची. मी खेकसायचो, "तुला पण व्हायचंय का?"

"होऊ द्या," ती म्हणायची. "खोली तयारच हाये."

आणि माझा शहाणपणा ऐका. ओठांची सवय मोडू नये म्हणून मी ट्रम्पेट सोबत नेला होता. वाजवणाऱ्याचे ओठ आठ दिवस बसले की दगड होतात. म्हणून रोज दुपारी, उशीत भोंगा खुपसून, हळू आवाजात अर्धा तास. म्हणजे सकाळी औषध आणि दुपारी विष, दोन्ही नेमानं चालू होतं.

वॉर्ड

वैशाखात मला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. ओठ निळे पडले होते. गाडीतून उतरल्यावर दवाखान्याच्या दारापर्यंत पाच पायऱ्या होत्या, मी दुसरीवर बसलो आणि रडलो.

वॉर्डचा दिनक्रम कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. पहाटे पाचला दिवे लागतात. कुणी रक्त घेतं, कुणी फरशी पुसतं, चहा येतो तो कोमट. मग डॉक्टरांची फेरी होईपर्यंत सगळे नवरीसारखे सावरून बसतात. भीती सकाळी नसते. दुपारी जेवणानंतर वॉर्ड शांत झाला की शेजारच्याचा श्वास ऐकू येतो आणि मग आपण आपला मोजायला लागतो. मिनिटाला बत्तीस, चौतीस. मोजू नका. मोजल्यानं कमी होत नाही.

माझ्या शेजारी तळेघरचे कोंडीबाबा होते. भाताचे शेतकरी, सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर विड्या ओढून छाती पोखरलेली. तिसऱ्या दिवशी ऑक्सिजनच्या मास्कनं माझा जीव गुदमरायला लागला. मी तो ओढून फेकला. वॉर्डबॉय लावायला आला तर त्याची कॉलर धरली, स्टँड ढकलून दिलं. तेवढ्यात नडगीवर काडकन काठी बसली. कोंडीबाबांनी झोपल्याजागेवरून हाणली होती.

"मरायचं आसंल तर बाहीर जाऊन मर. हितं आमी जगाया आलोय."

नडगी चार दिवस ठणकत होती. त्या दवाखान्यात माझ्यावर झालेला सगळ्यात गुणकारी इलाज तो.

आठ दिवसांत मी बरा झालो. नुसता पडून. डॉक्टर मॅडमना नवल वाटलं, मला घरी सोडलं. घरी मी आनंदानं ट्रम्पेट तोंडाला लावला आणि चौथ्या दिवशी परत त्याच वॉर्डात. पुन्हा बरा, पुन्हा घरी, पुन्हा परत. तिसऱ्या वेळी मॅडम खाटेपाशी उभ्या राहून कागद चाळत होत्या. "घरी असं काय आहे जे इथं नाही? शेतात कुठलं औषध फवारता? कोंबड्या, कबुतरं आहेत?"

मी म्हटलं, "नाही, साधी शेती."

"खोटं बोलतोय," कोंडीबाबा पलीकडून म्हणाले. "मॅडम, ह्यो झोपंत तीन बोटं नाचीवतो सारखी. मी इचारलं तवा म्हनला, ट्रम्पेट वाजीवतो. बँडवाला हाये त्यो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांनी 'अरे' म्हटलं नाही. "अहो विलासराव," म्हणाल्या, "हे आधी सांगायचं ना! ट्रम्पेट घेऊन या."

मंदानं दुसऱ्या दिवशी तो उशीच्या अभ्र्यात घालून एसटीनं आणला. मॅडमनी आधी बोळ्यानं आतला नमुना घेतला, तो तपासायला पाठवला. मग मंदाला म्हणाल्या, बेसिनमध्ये गरम पाणी सोडा. मंदानं बाटली धुवायचा ब्रश नळीत घातला आणि ओढला.

मी खूप मारामाऱ्या बघितल्यात, रक्ताचं मला काही वाटत नाही. त्या दिवशी मात्र मला ओकारी झाली. हिरवट-काळा गाळ, त्यात सायीचे असावेत तसे पापुद्रे, आणि वास नासक्या दुधाचा. येतच होता, येतच होता. हे मी रोज तोंडाला लावत होतो. फुंकण्याआधी दम भरताना थोडं आत ओढत होतो. पंधरा वर्षं.

निकाल आला तेव्हा मॅडम म्हणाल्या, बुरशी. तुमची फुफ्फुसं तिच्याशी भांडतायत आणि भांडता भांडता स्वतःचंच नुकसान करून घेतायत. क्षय नाही. सगळ्यांनाच असं होत नाही, काहींच्या अंगाला सोसतं, तुमच्या अंगाला सोसलं नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करू. ट्रम्पेट बंद. मधून मधून दाखवून जा, दिवाळीनंतर मोठी तपासणी करू.

"मग वाजवता येईल?"

"जिन्यावर बोलत चढता आलं तरी पुष्कळ समजा. काही भाग कायमचा गेलेला असू शकतो. वाजवण्याचं मी आज सांगू शकत नाही."

क्षय नाही म्हणून आनंदानं उडी मारावी की वाजवणं गेलं म्हणून भिंतीवर डोकं आपटावं, कळेना. मी दुसरं केलं. कपाळाला टेंगूळ आलं.

तांब्या

त्या गोळ्यांनी छाती मोकळी होते, पण माणूस बिघडतो. तोंड भोपळ्यासारखं सुजतं, दर दोन तासांनी भूक लागते आणि राग असा येतो की आपली आपल्यालाच भीती वाटते. माझा मूळचा राग काही कमी नव्हता, त्यात ही भर.

एके दिवशी भाजी अळणी झाली. मॅडमनीच मीठ कमी करायला सांगितलं होतं. मी तांब्या उचलला आणि मंदावर फेकला. पितळी, भरलेला. भुवईच्या वर लागला. तीन टाके पडले. ती पदर दाबून उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी तिथंच खाली बसलो, तिचे पाय धरले. तिनं पाय काढून घेतले. संध्याकाळच्या गाडीनं ती घोडेगावला माहेरी गेली.

हे लिहायला लाज वाटते. पण तुमच्या घरात कुणी या गोळ्या खात असेल तर बायकामुलांना आधीच सांगून ठेवा, आणि जड वस्तू हाताशी ठेवू नका.

वीस दिवसांनी ती थेट दवाखान्यात तपासणीच्या दिवशी आली आणि मॅडमसमोर कपाळ उघडं करून दाखवलं. मी घाईघाईनं म्हटलं, गोळ्यांमुळं झालं. मॅडम म्हणाल्या, "राग गोळीनं येतो. तांब्या हातानं उचलावा लागतो." त्यानंतर राग आला की मी घराबाहेर पडून हायवेपर्यंत चालत सुटायचो. आधी तीनदा बसावं लागायचं, मग दोनदा. मंदा घरी आली, पण महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. बरोबर केलं.

धुतलेला ट्रम्पेट

आण्णा पुण्याला एकदाही आले नव्हते. ट्रम्पेट घरी आणला तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन वजन केल्यासारखा हलवला.

"धुतला? कुनी?"

"मी," मंदा म्हणाली. "लई घान निघाली आण्णा."

त्या दिवसापासून त्यांनी सुनेशी बोलणं टाकलं. चहा हवा असला तरी भिंतीला सांगायचे. ट्रम्पेट फडक्यात गुंडाळून त्यांनी आपल्या खोलीत खुंटीला टांगला. गणपतीत माझी जागा त्यांनी स्वतः घेतली, आपल्या साध्या ट्रम्पेटवर. सहासष्टाव्या वर्षी. आणि काय वाजवलं म्हणून सांगू! मी रस्त्याच्या कडेला पावण्यासारखा उभा होतो. त्यांनी इतकं चांगलं वाजवू नये असं मला वाटलं.

इथं कामाचं सांगून टाकतो. वाद्य आठवड्यातून एकदा कोमट पाण्यानं आणि साध्या साबणानं आतून धुवा. नळीतून ब्रश फिरवा, उलटं टांगून वाळवा. माउथपीस रोज. दुसऱ्याचं वाद्य उष्टं घेऊ नका. वाजवल्यावर काही तासांनी थंडी-ताप येत असेल तर डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा की मी फुंकतो. शेती नंतर सांगा. आवाज धुतल्यानं जात नाही.

खंडेनवमी

सकाळी घोंगडी अंथरली, वाद्यं मांडली. बँडमधले सगळे आले होते. आण्णांनी खुंटीवरचा ट्रम्पेट आणून मधोमध ठेवला. हळदकुंकू झालं. मग ते आत गेले आणि हातात वाटी घेऊन आले. वाटीत दूध होतं.

मला वाटलं नैवेद्याचं असेल. त्यांनी चमचा भरला आणि ट्रम्पेट उचलला.

"आण्णा, न्हाई," मी म्हटलं.

"थेंबभर."

"एक थेंब न्हाई. इख हाये ते!"

मी मनगट धरलं. दूध थोडं नळीत गेलं, बाकीचं घोंगडीवर सांडलं. त्यांनी ट्रम्पेट काखेत मारला आणि दुसऱ्या हातानं माझ्या कानशिलात लगावली, सगळ्यांसमोर, चाळिशीतल्या माणसाच्या. म्हणाले, "इख? नऊ वर्साचा व्हतो तवापास्नं ह्या हातानं घालतोय. तू म्हन्तो तसं आसंल तर मंग माझ्या बापाला मी मारला व्हय? सांग की! मी मारला?"

त्यांचा आवाज फाटला होता. तिथं मी थांबायला हवं होतं. एवढ्या महिन्यांत ते पुण्याला का आले नाहीत, मंदाशी का बोलत नव्हते, सगळं त्या एका वाक्यात होतं. आजोबांना काय झालं होतं हे आता कुणालाच सांगता येणार नाही, मॅडमही तेच म्हणाल्या होत्या. एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण माझ्या कानात अजून चपराक वाजत होती.

"व्हय!" मी ओरडलो. "तुमीच मारला! आन् आता मला मारायला निघालाय!"

ते अंगावर आले. ट्रम्पेट त्यांनी छातीशी धरलेला, मी भोंगा धरला. ओढाताण सुरू झाली. आम्ही दोघं घोंगडीवरून ड्रमवर, ड्रमवरून अंगणात. मी शिव्या देत होतो, ते देत होते. बारा वर्षांपासूनचे सगळे गुद्दे मी बोलून दाखवले, मोटारीची खोली काढली, काहीच ठेवलं नाही. बँडवाले सोडवायला आले त्यांनाही ढकललं. मग मी सगळा जोर लावून हिसका दिला, आण्णांचा एक हात त्याच क्षणी निसटला, ट्रम्पेट मधेच फिरला, आणि माउथपीसचं टोक उलटं जाऊन त्यांच्या तोंडावर बसलं. आवाज झाला. बारीकच.

ते खाली बसले. बोटांमधून रक्त आलं. मातीत काहीतरी पांढरं पडलं.

मी तरीही बोलतच होतो. थांबता येत नव्हतं. मंदा माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"आवो," ती म्हणाली, "तुमाला दम लागला न्हाई."

मी गप्प झालो. छातीवर हात ठेवला. ती वरखाली होत होती, जोरात, पण आत हवा जात होती. खोल, तळापर्यंत. पाव तास मी ओरडलो होतो, झोंबलो होतो, आणि उभा होतो. उन्हाळ्यात मला पाच पायऱ्या चढवत नव्हत्या.

आण्णांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तेही माझी छाती बघत होते. मग त्यांनी जिभेनं तोंडातली फट चाचपली. समोरचा, वरचा, मधला. वाजवणाऱ्याला सांगायला नको, माउथपीस ज्याच्या आधारावर टेकतो तो दात. त्यांनी आपला रोजचा ट्रम्पेट जवळ ओढला, रक्ताळलेल्या ओठांना लावला आणि फुंकलं. नुसती हवा फुसफुसली. पुन्हा एकदा. पुन्हा हवा.

त्यांनी तो खाली ठेवला. आजोबांचा ट्रम्पेट उचलला. त्यात दूध गेलं होतं, रक्तही. तो त्यांनी मंदापुढं धरला. चार महिन्यांनी ते तिच्याशी बोलले.

"कसं धुतलं व्हतंस गं? दाव मला."

मंदानं पाणी तापवलं. ते तिच्याशेजारी उकिडवे बसले आणि ब्रश स्वतःच्या हातानं नळीत घातला. तोंडातून रक्त ठिबकत होतं, तरी उठायला तयार नव्हते. पाणी स्वच्छ येऊ लागल्यावरही त्यांनी ब्रश पाचसहा वेळा फिरवला.

दिवाळीनंतर मॅडमनी तपासलं. थोडा भाग गेलाय, पण वाजवा म्हणाल्या, जपून. तुळशीच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा उभा राहिलो. वरच्या पट्टीत पोचलो आणि सूर टिकला. पूर्वीएवढा लांब नाही. आण्णांनी कवळी बसवून बघितली, माउथपीस टेकवला की ती हलते. त्यांचं वाजवणं थांबलं. ते आता बँडच्या पुढं झांजा घेऊन चालतात. मला माझा दम परत मिळाला आणि आण्णांचा सूर माझ्या हातून गेला. या दोन गोष्टी मी वेगळ्या करू शकत नाही.

त्यांची माफी मागितली तेव्हा त्यांनी हात झटकला. "दाताचं काय घिऊन बसला? म्हातारा झालो, हालतच व्हता. आज ना उद्या पडनारच."

हालत नव्हता. त्या सकाळी अंगणातून तो मीच उचलला. लांब, अखंड मूळ होतं त्याला, कुठं कीड नाही. तो आणखी वीस वर्षं टिकला असता.